वाचक विचारतात : घराचा ग्रुप आणि घरातला अबोला

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील एका गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझे दोन्ही धाकटे भाऊ मुंबईला असतात आणि गौरी-गणपतीला आम्ही सारे मूळ घरी जमतो. गेल्या वैशाखात घर शाकारून घेतले व खर्चाचा तपशील कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यावर मधल्या भावाने ‘बिले दिसत नाहीत’ एवढेच लिहिले. मी संतापून लांबलचक उत्तर लिहिले. रात्री ते हटवले, पण तोवर सर्वांनी वाचले होते. नंतर मी समजुतीचे दोन मेसेज टाकले. ते त्याने वाचल्याचे दिसते, पण उत्तर नाही. चार महिने आम्ही बोललेलो नाही आणि गणपती तोंडावर आले आहेत. काय करावे?

उत्तर : आपले पत्र वाचून प्रथम मनात आले ते असे, की ‘बिले दिसत नाहीत’ या तीन शब्दांचा अर्थ आपण एकच धरला. ‘तुम्ही हिशेब लपवता’ असा तो अर्थ असू शकतो, पण ‘बिलांचे फोटो माझ्याकडे उघडत नाहीत’ असाही असू शकतो. रेंज गेली की फोटोवरचे चक्र नुसते फिरत राहते, हे आपल्याला रोजच्या अनुभवाचे आहे. भावाने हेच शब्द पडवीत बसून उच्चारले असते, तर पहिल्या शब्दाच्या हेलावरूनच आपल्याला त्याचे मन कळले असते. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमके हेच दिसले : आपला उपरोध किंवा गांभीर्य ई-मेलमधून समोरच्याला बरोबर कळेल, अशी लिहिणाऱ्यांना मोठी खात्री होती, वाचणाऱ्यांना मात्र ते त्यामानाने फारच कमी वेळा ओळखता आले. लिहिताना आपला स्वर आपल्याला मनात ऐकू येत असतो आणि तो कागदावर उतरला नाही हे आपल्या लक्षातच येत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. कोकणातल्या घरांना भावकीचे वाद नवीन नाहीत आणि ते चार माणसांसमोर होणेही नवीन नाही. पण खळ्यात आवाज चढला की कोणी काका ‘जाऊ दे रे’ म्हणत मध्ये पडत असे, वहिनी चहा घेऊन बाहेर येत असे, आणि बोलणाऱ्यालाही समोरचा चेहरा उतरलेला दिसत असे. ग्रुपवर हे काहीच घडत नाही. वीस माणसे वाचतात आणि गप्प राहतात. त्यांचे गप्प राहणे आपल्याला भावाची बाजू घेतल्यासारखे वाटते आणि भावाला आपली. समोर चेहरा नसला की माणूस एरवी बोलला नसता ते बोलून जातो, याचे विवेचन जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्येच केले आहे. शिवाय पूर्वी रागाचे पत्र लिहिले तरी ते पोस्टात पडेपर्यंत एक रात्र मध्ये जात असे आणि सकाळी ते अनेकदा फाडलेही जात असे. आपण रात्री मेसेज हटवलात, म्हणजे सद्बुद्धी आपल्यालाही वेळेवरच सुचली होती. फक्त मेसेज तिच्या आधी पोहोचला होता.

त्या निळ्या खुणांविषयीही थोडे सांगायला हवे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपने त्या आणल्या, तेव्हापासून ‘वाचले पण उत्तर दिले नाही’ हे दुःख घराघरांत नव्याने आले. वैयक्तिक संभाषणात ही खूण बंद ठेवता येते, ग्रुपमध्ये येत नाही. मेसेज दाबून धरून कोणी वाचला याची यादी आपण पुन्हा पुन्हा पाहत असणार. कृपया ते थांबवा. भावाने मेसेज उघडला, एवढेच ती यादी सांगते. उघडून तो किती वेळ हातात फोन धरून बसला, लिहून किती वेळा पुसले, हे तीत येत नाही.

आता करण्याचे. ग्रुपवर आणखी एकही समजुतीचा शब्द टाकू नये, कारण तिथे त्याने उत्तर दिले तर तेही वीस जणांसमोर द्यावे लागेल. त्याला थेट फोन लावावा, तोही तो कामावरून घरी येऊन टेकल्यावर. मुलांना किंवा वहिनीला मध्यस्थ करू नये. बिलांचा विषय आपण काढू नये, आधी ‘मी त्या दिवशी जे लिहिले ते चुकले’ एवढे म्हणावे आणि मग त्याला बोलू द्यावे. थोरल्याने आधी बोलल्यास कमीपणा येतो, असे मानणारी माणसे आपल्याला भेटतील. मला ते अजिबात पटत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांची वीज आणि मोबाइल सेवा अनेक दिवस बंद होती आणि मुंबईतले चाकरमानी घर उभे आहे की नाही एवढे कळण्यासाठी कासावीस झाले होते. आपला भाऊही तेव्हा आपल्या आवाजाची वाट पाहत असेलच. तोच आवाज आज त्याला ऐकवायचा आहे.

तो आला की बिले माजघरात बसून हातात द्यावीत. यापुढे ग्रुप गाडीच्या तिकिटांसाठी, नैवेद्याच्या वाटणीसाठी, माटवीच्या म्हणजे गणपतीवरच्या सजावटीच्या फोटोंसाठी जरूर वापरावा, पैशांसाठी नको.

प्रश्न : आमच्या आजोबांनी ग्रुपवर पाठवलेला घरगुती औषधाचा मेसेज खोटा असल्याचे मी तिथेच पुराव्यासह दाखवले. तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. माझे काय चुकले? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजापूर)

उत्तर : तुझे म्हणणे बरोबर होते आणि ते सांगणे आवश्यकही होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात भारतात व्हॉट्सॲपवर एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आली. परंतु नातवंडांसमोर, सुनांसमोर खोटे ठरणे आजोबांना लागले असणार. त्यांनी तो मेसेज काळजीपोटी पाठवला होता, याची दखल तुझ्या उत्तरात नव्हती.

संध्याकाळी ते ओटीवर बसतात तेव्हा त्यांच्याच फोनवर मेसेजवरचा दुहेरी बाण त्यांना दाखव. मूळ लिहिणाऱ्यापासून किमान पाच हातांतून तो पुढे आला आहे, एवढाच त्याचा अर्थ, हे समजावून सांग. मग पुढचा असा मेसेज आला की तो खरा वाटतो का, हे तू आधी त्यांना विचार.