तुझ्या ब्रॉथमध्ये लोह आहे

प्रिय मुली,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. लोह ओढून आणायचं जनुक काढून टाकलेली ई. कोलाय (तुझा म्युटंट) मूळ वाणाइतकीच जोमाने वाढते, चार वेळा करून पाहिलं, आता विषयच बदलते म्हणतेस. बदलू नकोस. तुझा म्युटंट बहुधा बरोबर आहे. तुझ्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या त्या पोषक द्रवात, लोह आहे.

दाराशी लोह मिळत असेल तर ते ओढून आणायची यंत्रणा असली काय, नसली काय, जंतू सारखाच वाढणार. तिची किंमत टंचाईत कळते. आणि माणसाचं शरीर म्हणजे जंतूंसाठी बारमाही दुष्काळी मुलूख. आपल्या अंगात तीन-चार ग्रॅम लोह असतं, पण त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये, बरंचसं उरलेलं फेरिटिन या प्रथिनाच्या कोठारात, आणि रक्तद्रवात जे थोडं फिरतं ते ट्रान्सफेरिन या प्रथिनाने घट्ट धरलेलं. १९४४ साली शेड आणि कॅरोलाइन या संशोधकांनी दाखवलं की कोंबडीच्या अंड्यातला कच्चा पांढरा भाग आमांशाच्या जंतूंची वाढ रोखतो. त्यांनी एकामागून एक पोषकद्रव्यं घालून पाहिली. वाढ परत आली ती लोह घातल्यावर. दोन वर्षांनी त्यांना माणसाच्या रक्तद्रवातही लोह बांधून ठेवणारा घटक सापडला. तुझ्या प्रयोगाचा सांगाडा हाच आहे, म्हणून तो आधी नीट समजून घे.

संसर्ग झाला की शरीर कुलपं आणखी आवळतं. हेपसिडिन हे संप्रेरक वाढतं आणि रक्तातलं लोह उतरतं. जस्त आणि मँगनीज यांच्यावरही पहारा बसतो: न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीच्या पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास एकटं कॅल्प्रोटेक्टिन असतं, आणि ते हे दोन्ही धातू पकडून ठेवतं. एका प्रथिनावर पेशी इतका खर्च करते, त्यावरूनच या भांडणाचं मोल ओळख.

तुझी ई. कोलाय या दुष्काळात एंटेरोबॅक्टिन नावाचा छोटा रेणू बाहेर सोडते. दूरच्या विहिरीवर घागर पाठवावी तसं. तो लोहाला असा काही धरतो की ट्रान्सफेरिनकडचं लोहही ओढून घेतो, आणि भरलेली घागर जंतूच्या आवरणावरचा रिसेप्टर आत घेतो. शरीर यावरही गप्प बसत नाही. सिडेरोकॅलिन हे प्रथिन वाटेतच घागर जप्त करतं. मग साल्मोनेला हा दुसरा जंतू काय करतो, तर त्याच रेणूला ग्लुकोज जोडतो. आकार बदलतो आणि सिडेरोकॅलिनच्या पकडीत तो बसत नाही. इतकी वर्षं शिकवूनही हा भाग आला की माझा तास संपायचा, पण बोलणं संपायचं नाही. बाकीच्यांच्या तऱ्हा वेगळ्या. स्टॅफिलोकॉकस तांबड्या पेशी फोडून हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, उचलतो, गोनोरियाचा जंतू घागर न पाठवता माणसाच्या ट्रान्सफेरिनलाच हात घालतो, आणि लाइम रोगाच्या जंतूने तर लोहाचा नाद सोडून मँगनीजवर संसार थाटलाय.

तू रोज परळला हाफकिन संस्थेच्या फाटकावरून जातेस. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लसीसाठी त्यांनी जंतू वाढवले ते ब्रॉथवर तुपाचे थेंब तरंगत ठेवून. तसल्या सकस ब्रॉथमध्ये प्लेगच्या जंतूची लोहाची भूक दिसणार कशी? ती कळायला पुढे कित्येक दशकं गेली. त्याच्या घागरीचं नाव यर्सिनियाबॅक्टिन. ती बनवणारी जनुकं गमावलेला वाण इतका दुबळा असतो की प्रयोगशाळांत तो तुलनेने निर्धोक मानून वापरला जायचा. २००९ मध्ये शिकागोत असाच वाण हाताळणारा एक संशोधक प्लेगने दगावला. त्याला हिमोक्रोमॅटोसिस असल्याचं, म्हणजे अंगात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार असल्याचं, मृत्यूनंतर उघडकीला आलं. जंतूची उणीव त्याच्या शरीरातल्या जादा लोहाने भरून काढली असावी, असं तपास करणाऱ्यांना वाटलं. दर बॅचला हे सांगताना मला जड जायचं, तरी सांगितल्याशिवाय मी कुणाच्या हाती जंतू दिले नाहीत. दुबळा वाण कुठे दुबळा आहे, हा प्रश्न तूही दर वेळी विचार.

आता कामाचं. काचेची भांडी हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर भिजव, मग डीआयोनाइज्ड पाण्याने पुन्हा पुन्हा धू. नळाचं पाणी शेवटी लावू नकोस. जमेल तिथे प्लास्टिकचे नवे फ्लास्क घे. मांसाच्या अर्काचा ब्रॉथ सोड, मोजून बनवलेला साधा मीडिया (पोषक द्रव) घे, त्यात डायपिरिडिल हे लोह धरणारं रसायन घालून उरलंसुरलं लोह बांधून टाक. डायपिरिडिल जास्त झालं तर मूळ वाणही मरेल आणि तुला ते यश वाटेल, म्हणून मात्रा थोडी थोडी वाढव. एका फ्लास्कमध्ये फेरिक क्लोराइडच्या रूपात लोह परत घाल. तिथे म्युटंट वाढला नाही तर बाकीच्या निकालावर विश्वास ठेवू नकोस.

क्रोम अझुरॉल या रंगाच्या निळ्या प्लेटवर दोन्ही वाणांचे ठिपके दे; घागरीने त्यातलं लोह ओढून घेतलं की निळा रंग नारिंगी होतो. मूळ वाणाभोवती नारिंगी वलय यायला हवं, म्युटंटभोवती नाही. आणि डायपिरिडिलच्या प्लेटवर म्युटंटची एक लांब रेघ ओढून तिच्या एका टोकाशी मूळ वाणाचा ठिपका ठेव. तुझ्या म्युटंटला घागर बनवता येत नाही, पण दुसऱ्याची भरलेली घागर घेता येते. तेव्हा रेघ त्या टोकालाच उगवेल आणि पुढे विरळ होत जाईल.

प्लेट प्रयोगशाळेबाहेर आणू नकोस, फोटो पाठव. रेघ उगवली नाही तरी पाठव, आपण बसून बघू.

तुझी,
बाई