शमुएल, सॅम्युएल आणि समाजी

ठाण्याच्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातल्या, भगिनीने विचारले आहे: मुलाची सुंता आठव्या दिवशी झाली आणि त्याचे नाव शमुएल ठेवले. आता ते जन्मनोंदीत घालायचे आहे. शाळेच्या आणि पारपत्राच्या सोयीसाठी 'सॅम्युएल' हे इंग्रजी नाव लिहावे असे पती म्हणतात, सासऱ्यांना हिब्रू नावच हवे आहे आणि आजेसासूबाई बाळाला 'समाजी' म्हणून हाक मारतात. नोंदणीच्या खिडकीवर तर "हे ख्रिश्चन नाव ना?" असेही विचारले गेले. तेव्हा कायदेशीर कागदांवर कोणते नाव घालावे आणि 'समाजी'चा 'समाज' या शब्दाशी काही संबंध आहे काय?

खिडकीवरच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो ऐकताच जीव वैतागतो. शमुएल, दावीद, हन्ना, रिबका, बिन्यामीन ही नावे ज्या हिब्रू ग्रंथांतून आली ते ग्रंथ ख्रिस्तजन्माच्या आधीचे आहेत. ख्रिस्ती लोकांनी ती नावे श्रद्धेने स्वीकारली यात काही वावगे नाही, परंतु जे उसने घेतले त्यावरून मूळ मालकाची ओळख ठरवता येत नाही. 'इंग्रजी नाव' हा शब्दप्रयोगही असाच चुकीचा आहे. आल्फ्रेड आणि एडवर्ड ही इंग्रजी नावे आहेत. सॅम्युएल हे इंग्रजी उच्चाराचे हिब्रू नाव आहे. त्यामुळे आपल्या घरातला वाद दोन नावांमधला नसून एकाच नावाच्या दोन वाटांमधला आहे.

त्यांपैकी इंग्रजीपर्यंतची वाट ग्रीकमधून जाते. ग्रीक भाषेत 'श' हा ध्वनी नाही, म्हणून हिब्रू ग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात शमुएलचा 'सामुएल' झाला आणि लॅटिनमधून तो इंग्रजीत उतरला. मोशेचा मोझेस आणि शलोमोचा सॉलोमन याच कारणाने झाला. मोझेसच्या शेवटचा 'स' तर निव्वळ ग्रीक प्रथमा विभक्तीचा प्रत्यय आहे. योसेफचा जोसेफ आणि याकोबचा जेकब होण्यात लॅटिनपर्यंत काहीच बिघडले नव्हते, तो 'ज' पुढे फ्रेंच वळणाने इंग्रजीत शिरला.

आता या नावाच्या अर्थाकडे वळतो. शमुएल म्हणजे 'देवाने ऐकले' असे बाळांच्या नावांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत छापलेले असते आणि काही आदरणीय कोशांनीही तेच उतरवून घेतले आहे. हा अर्थ मला मान्य नाही. हिब्रूत 'ऐकणे' या धातूची तीन अक्षरे शिन, मेम आणि आयिन अशी आहेत, आणि 'देव ऐकतो' या अर्थाचे नाव हवे असेल तर ते यिश्माएल हे आहे, ज्यात ते आयिन ठळकपणे लिहिलेले असते. शमुएल हे नाव शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद असे लिहितात. त्यात आयिन कोठेही नाही. रोमन आणि देवनागरी या दोन्ही लिपींत आयिनला अक्षर नसल्यामुळे त्याचे नसणे डोळ्यांना दिसत नाही आणि चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. मूळ हिब्रूत नुसते डोकावले असते तरी ती टळली असती.

खुद्द ग्रंथात दिलेले कारण आणखी वेगळे आहे. अपत्यासाठी नवस केलेली शमुएलची आई हन्ना म्हणते की मी याला परमेश्वराकडे मागितले, म्हणून याचे नाव शमुएल. 'मागणे' या अर्थाचा हिब्रू धातू 'शाअल' आहे, आणि त्यावरून सरळ सिद्ध होणारे नाव शमुएल नसून शाऊल हे आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी हन्नाच्या तोंडी 'हू शाऊल', शब्दशः 'तो मागितलेला', हे शब्द अक्षरशः येतात. 'शाऊल मे-एल', म्हणजे 'देवाकडून मागितलेला', या शब्दांचा संकोच होऊन शमुएल झाले असेही सुचवले गेले आहे, पण तेवढी ओढाताण करण्याचे कारण मला दिसत नाही. 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे ईश्वर. मधला उकार जुना विभक्तिप्रत्यय मानला तर 'ईश्वराचे नाव' आणि तो 'त्याचे' या अर्थाचा मानला तर 'त्याचे नाव ईश्वर' असा अर्थ होतो. धर्मनिष्ठ यहुदी परमेश्वराचा उल्लेख 'हाशेम', म्हणजे 'ते नाव', असा करतात हे लक्षात घेतले की हा अर्थ किती खोल आहे ते कळते. आपण मुलाच्या नावाविषयी विचारले आणि त्या नावाच्या पोटातच 'नाव' हा शब्द बसलेला आहे, याचा मला फार आनंद झाला.

'समाजी'चा 'समाज'शी काडीचाही संबंध नाही. कोकणातल्या बेने इस्राएल घरांत अब्राहामचा अबाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला, तसाच शमुएलचा समाजी झाला. ग्रीकांनी मोशेला आपला 'स' जोडला, कोकणाने आपला 'जी' जोडला. परकी नावे घरची होताना प्रत्येक भाषा असेच करते. म्हणून या रूपांना सरसकट 'हिंदूकरण' म्हणणाऱ्या अभ्यासकांशी माझे जमत नाही. त्यांना जेथे धर्मांतराची सावली दिसते, तेथे मला फक्त मराठी व्याकरण दिसते.

समाजी हे इंग्रजी सॅम्युएलवरून आले, असे सांगणाऱ्यांचाही येथेच निकाल लावतो. मुंबईतले बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये मांडवी भागात बांधणारे सॅम्युएल इझिकेल (म्हणजेच यहेज्केल) दिवेकर आपल्या लोकांत समाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखले जात. मुलाचे नाव इंग्रजांकडून आले असे घटकाभर मानले, तरी त्याच्या वडिलांच्या पिढीतला हसाजी कोणत्या इंग्रजाने दिला? माझा तर्क असा आहे की 'शाळा'ची जशी गावाकडच्या बोलीत 'साळा' होते, तसा 'शमु'चा 'समु' झाला. म्हणजे सॅम्युएलमधला 'स' ग्रीक आहे, समाजीतला 'स' अस्सल कोकणी मातीतला आहे, आणि दोघे एकमेकांना न विचारता एकाच अक्षरावर येऊन थांबले. जाता जाता हेही सांगतो की 'यित्सहाक' या नावाचा अर्थ 'तो हसतो' असा असल्यामुळे हसाजी म्हणजे इसहाक असे काहीजण ठामपणे सांगतात. हा योगायोग मोहक आहे, परंतु दिवेकरांच्या वडिलांचे नाव इझिकेल असताना तो टिकत नाही.

आता कागदांविषयी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार नावाशिवाय झालेल्या जन्मनोंदीत नंतर नाव घालता येते. पहिल्या बारा महिन्यांत त्यासाठी शुल्क नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून ते घालता येते. म्हणजे विचार करायला वेळ आहे. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पारपत्र, आधार, मतदारयादी, विवाहनोंदणी या सर्वांना जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा ठरला आहे. कलम १५ खाली चूक सुधारता येते, पण मूळ नोंद तशीच ठेवून दुरुस्ती समासात लिहिली जाते. म्हणून पहिल्यांदा लिहाल ते विचार करूनच लिहा.

महाराष्ट्रातल्या दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिपींत येते. तेथे मराठी ओळीत 'शमुएल' आणि इंग्रजी ओळीत 'सॅम्युएल' असे लिहिणे ही सर्वांत वाईट तडजोड आहे, कारण पुढे कोणताही कारकून ही दोन वेगळी नावे आहेत असे समजेल. माझे मत स्पष्ट आहे: देवनागरीत 'शमुएल' लिहावे आणि रोमन लिपीत त्याचेच लिप्यंतर, म्हणजे एस-एच-एम-यू-ई-एल, द्यावे. देवनागरीत 'श' असताना मराठी ओळीत ग्रीकांची अडचण कशासाठी उतरवून घ्यायची? मराठी बायबलातले 'शमुवेल' हे रूपही चालेल, पण मग सर्वत्र तेच लिहावे. उद्या मुलगा इस्राएलला गेला तर आणखी एक फरक पडेल. परदेशातून आलेला 'सॅम्युएल' तेथे अनेकदा शिनऐवजी सामेख हे 'स'चे अक्षर लावून, ऐकू येतो तसा लिहिला जातो. मग त्यातला 'शेम' नाहीसा होतो.

सिनेगॉगमध्ये तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाला पाचारण करताना आणि केतुबात, म्हणजे लग्नाच्या करारपत्रात, 'शमुएल बेन अमुक', म्हणजे अमुकचा पुत्र शमुएल, असेच म्हटले वा लिहिले जाईल. आपल्या मराठी पद्धतीत मधले नाव वडिलांचे असते, त्यामुळे तो 'बेन' दाखल्यात आपोआप उमटतो. तेथे एक काळजी घ्या. वडिलांच्या स्वतःच्या कागदांवर 'बेंजामिन' असेल तर मुलाच्या दाखल्यात ते सुधारून 'बिन्यामीन' करू नका. त्यांच्या पारपत्रावरचे स्पेलिंग अक्षर न अक्षर ताडून पाहा आणि मगच अर्ज द्या. 'समाजी' अर्जात लिहिण्याची गरज नाही, पण आजेसासूबाईंची हाक कोणी बदलायला लावू नये.