राखीव यादी आणि द्राक्षबाग

एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणते. पत्र थोडं आटोपतं करून देते.

"मावशी, मी २७ वर्षांची, तासगाव तालुक्यातली. एमएस्सीनंतर पुण्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात भूजलावर पीएचडी करायला अर्ज केला होता, तिथल्या संशोधन परिषदेच्या पैशातून पूर्ण खर्च मिळणारी जागा. फेब्रुवारीत ऑनलाइन मुलाखत झाली. पंचवीस मिनिटं, समोर चौघं. 'पहिल्या वर्षात हवा तो डेटा मिळालाच नाही तर?' असं एकीने विचारलं आणि मी 'मिळेल' म्हणून गप्पच बसले. मार्चमध्ये मेल आला : तुम्ही निवडीयोग्य आहात, पण राखीव यादीत. कितवा नंबर ते लिहिलेलं नाही. तेव्हापासून रोज दुपारी अडीचला, तिकडची ऑफिसं उघडली की, मेल बघत बसते. इकडे माझ्याकडे जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप आहे, पण त्याची मुदत डिसेंबरात संपते. पुण्यातले एक सर गाईड व्हायला तयार आहेत, १५ मेपर्यंत हो की नाही सांग म्हणालेत. त्यांना मी इंग्लंडचं काही बोललेले नाही. आईने स्थळं बघायला घेतलीत. माझ्याच बॅचच्या मित्राला तिकडच्याच दुसऱ्या विद्यापीठात जागा मिळाली, त्याचं अभिनंदन करून फोन ठेवला आणि रडले. किती दिवस थांबू? त्या एका उत्तराने घात केला का?

ता. क. आण्णा म्हणतात, पैशावाचून अडलं तर दोन एकर बाग विकू, पण तू जा."

अगं पोरी,

ताजा कलम हा पत्रातला सगळ्यात लबाड भाग. जे लिहिताना हात जड होतो ते माणूस सही करून झाल्यावर, जाता जाता आठवल्यासारखं लिहितो. तुझी द्राक्षबाग तशीच आली आहे. तिच्याकडे मी येणार आहे. आधी तू उघड विचारलंस ते.

त्या उत्तराने घात केला का? नाही. केला असता तर 'निवडीयोग्य' हा शब्द तुझ्या वाट्याला आला नसता. मी बारा-तेरा वर्षं अशा मुलाखतींना टेबलाच्या पलीकडे बसले. आपल्याकडच्या मुलाखती, पण तऱ्हा सगळीकडे सारखीच. हातात एक तक्ता, त्यात तीन-चार रकाने : उमेदवाराची तयारी, विषयाची मांडणी, गाईडशी जुळणं. दिवसाला दहा-बारा जण. संध्याकाळी यादी लावायला बसलो की कोण कुठल्या प्रश्नाला अडखळलं हे निम्म्या वेळा आठवतच नसे. आठवायचं ते एवढंच, की या मुलीला आपला विषय स्वतःला दिसतोय, की कुणाच्या तरी पेपरातून उचललाय. (जेवणानंतर पहिला येणाऱ्या उमेदवारावर आम्ही नेहमी अन्याय केला, हेही आता निवृत्तीनंतर सांगून टाकते.)

प्रश्न मात्र त्या बाईंनी नेमका विचारला होता. आणि त्याचं उत्तर तुझ्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणी दिलं नसतं, याची मला खरी चुटपुट लागली. तू त्या भागात वाढलीस. तुमच्या पूर्वेला कवठेमहांकाळ, जत, आटपाडी. खाली काळा कातळ, पाणी असतं ते वरच्या मुरमात नाहीतर कातळाच्या भेगांत, म्हणून एका बांधाला विहीर भरलेली आणि पन्नास पावलांवरची कोरडी. हे तुला कुठल्या पाठ्यपुस्तकाने शिकवलेलं नाही. आपली भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुला दर आठवड्याच्या नोंदी हव्या असतील तर त्या तिथे मिळणार नाहीत, हे तुला मुलाखतीआधीच माहीत होतं. मग सांगायचं होतं : सरकारी नोंदी विरळ पडल्या तर ओळखीच्या गावांतल्या वीस विहिरी निवडीन, टेप सोडून स्वतः मोजीन, आणि तेही जमलं नाही तर प्रश्न लहान करीन. 'प्रश्न लहान करीन' हे शेवटचं ऐकायला समितीचे कान टवकारलेले असतात. अडल्यावर ही मुलगी काय करील, तेवढंच त्यांना बघायचं असतं. हे उत्तर आता वहीत उतरवून ठेव. पुण्यातल्या सरांसमोरही ते उपयोगी पडेल.

आता राखीव यादी. पहिल्या यादीतल्यांना जागा देऊ केली जाते आणि उत्तराला काही दिवस दिले जातात. चांगल्या उमेदवाराच्या हातात दोन-तीन ठिकाणची पत्रं असतात, तो शेवटच्या दिवसापर्यंत कुणालाच 'नाही' म्हणत नाही. त्याने म्हटलं की खालचा सरकतो. त्यात ईस्टरची सुट्टी आली की ऑफिसात कुणी नसतं. म्हणून ही यादी एप्रिल-मेपर्यंत कूर्मगतीने हलते. तुझ्या मेलपेटीतल्या शांततेचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो. (आणि हो, मार्चअखेर तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली. म्हणजे तिकडचे नऊ आता आपल्या दीडलाच वाजतात. एक तास उशिरा छळ करून घेत होतीस, पण सुधारू नकोस.)

एक गणित मात्र तुला कुणी समजावून दिलेलं दिसत नाही. या परिषदांच्या पैशातल्या जागा परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चासह खुल्या झाल्या त्या २०२१ पासून, आणि तेव्हाच घातलेल्या नियमाप्रमाणे नव्या जागांपैकी ३० टक्क्यांपर्यंतच आपल्यासारख्यांना. दुसरं, परिषद फी भरते ती तिथल्या स्थानिक विद्यार्थ्याच्या दराने, वर्षाला सुमारे पाच हजार पौंड. विज्ञान शाखेत परदेशी विद्यार्थ्याची फी पंचवीस हजारांच्या आसपास किंवा वरच असते. मधला फरक विद्यापीठाला सोसावा लागतो, म्हणून विद्यापीठं अशा जागा मोजून-मापून देतात. याचा अर्थ असा, की यादीत तुझ्या वरच्या कुणीतरी नकार दिला म्हणजे जागा तुझ्याकडे येईलच असं नाही. परदेशी वाट्यातल्याने नकार द्यायला हवा. तुझा मित्र उजवा ठरला आणि तू डावी, असा निकाल यातून काढता येत नाही. तो वेगळ्या विद्यापीठात, वेगळ्या रांगेत उभा होता.

तेव्हा वाट बघण्यापेक्षा विचार. या आठवड्यात एकच मेल लिही, प्रवेश-कार्यालयाला, आणि प्रत तिथल्या होऊ घातलेल्या गाईडला. आर्जव नको, चार प्रश्न पुरेत : राखीव यादी कोणत्या तारखेला बंद होते, परदेशी उमेदवार म्हणून माझी रांग वेगळी आहे का, यंदा निधी मिळाला नाही तर पुढच्या वर्षीसाठी पुन्हा अर्ज करावा लागेल का, आणि जागा मिळालीच, तर व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार कोण देतं. हा शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. वर्षाला ७७६ पौंड, आणि सगळ्या वर्षांचे एकदम, विद्यावेतनाचा पहिला हप्ता हातात पडायच्या आधी. चार वर्षं धरलीस तर तीन लाखांच्या वर जातात. काही विद्यापीठं परत देतात, काही नाही. मेलच्या शेवटी सरळ लिही की मला दुसऱ्या जागेला १५ मेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. याला दबाव म्हणत नाहीत. ऑफिसातल्या बाईला तुझा कागद वर घ्यायला एक कारण लागतं, ते तू पुरवलंस. नंबर विचारलास तरी चालेल. सांगतील किंवा नाही सांगणार.

मेल गेला की सरांना भेट. फोनवर नको, समोर बसून सांग की इंग्लंडच्या राखीव यादीत नाव आहे, पत्र आलं तर जाईन, नाही आलं तर तुमच्याकडे मनापासून करीन. तुला वाटतंय ते चिडतील. चिडले तर त्यांच्याबरोबर पाच वर्षं काढायची नाहीत हे तुला फुकटात कळलं. पण बहुतेक गाईडना मुलं तीन-तीन ठिकाणी अर्ज करतात हे माहीत असतं. त्यांना राग येतो तो नोंदणी झाल्यावर, विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर (आरआरसी) विषय मांडल्यावर, ऑगस्टात 'सर, माझं तिकडचं झालं' असं ऐकलं की. तेव्हा त्यांनी एक जागा अडवून ठेवलेली असते आणि दुसरं कुणीतरी पोर परत गेलेलं असतं. रुजू होऊन मग सोडायची वेळ आली तर किती रक्कम परत करावी लागते, हेही विद्यापीठाच्या कार्यालयात आधीच विचारून ठेव.

आणि जेआरएफला 'इकडचं' म्हणून नाक मुरडू नकोस. पत्रात ते तू दीड ओळीत संपवलंस. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. पैसे वेळेवर येतातच असं नाही, तीन-चार महिने अडकून एकदम येतात, तेवढी गंगाजळी ठेवावी लागते. पण मे महिन्यात तास नाहीत म्हणून पगार नाही, हे तासिका तत्त्वावरचं जगणं तू जगतेच आहेस. त्यापुढे हे राजेशाही आहे. तुझ्या विहिरी इकडे आहेत, हा आणखी एक मुद्दा. बाहेर जायची हौस खरी असेल तर इकडे नोंदणी झाल्यावरही वाटा आहेत. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपमध्ये भारतात पीएचडी करणाऱ्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात काम करता येतं. आणि इंग्लंडच्या या जागांचे अर्ज पुढच्या हिवाळ्यात पुन्हा निघतील.

आता बाग.

एक शक्यता तू लिहिली नाहीस, पण आण्णांच्या बोलण्यातून ती डोकावते : विद्यापीठ म्हणेल, प्रवेश देतो, निधी नाही, स्वतःच्या खर्चाने या. हे पत्र फार गोड भाषेत येतं. 'अभिनंदन'ने सुरू होतं. घरात पेढे वाटले जातात आणि मग कुणीतरी सातबारा काढतं. म्हणून आकडे आत्ताच मांड. फी वर्षाला २५,००० पौंड धर. राहण्या-खाण्याला परिषद स्वतः २०२५-२६ साठी वर्षाला किमान २०,७८० पौंड देते, म्हणजे तेवढे लागतातच. साडेतीन वर्षांचे झाले एक लाख साठ हजार पौंड. पौंड शंभर रुपयांनीच धरलास, आणि आज तो त्याच्या वर आहे, तरी दीड कोटीच्या पुढे. दोन एकरांत ते बसतं का, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पण बसलं तरी माझं उत्तर नाहीच.

कारण सांगते. माझ्या वेळी आईने पाटल्या मोडल्या होत्या. परदेश कुठला, मुंबईलाच जायचं होतं, पण फेलोशिप मिळाली नव्हती आणि हट्ट मोठा होता. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की घेतलेला विषय पोकळ आहे, त्यात काही सापडणार नाही. फेलोशिपवाली मैत्रीण अशाच अवस्थेत होती. ती गाईडकडे गेली, विषय बदलून आली, आठवडाभर रडली, मोकळी झाली. मला ते जमेना. दिवाळीला घरी गेले की आईचे मोकळे हात दिसायचे, आणि 'कसं चाललंय' विचारलं की मी 'छान' म्हणायचे. तोच पोकळ विषय मी सहा वर्षं ओढला. पदवी मिळाली. तो प्रबंध आजवर कुणी उघडला असेल असं वाटत नाही, मीसुद्धा नाही.

तुला त्या बाईंनी विचारलेला प्रश्नच बघ ना : डेटा मिळाला नाही तर? संशोधनात हे होतंच. तेव्हा मान वर करून 'माझं चुकलं, नव्याने करते' म्हणता यायला हवं. मागे बाग विकलेली असेल तर तुझ्या तोंडून ते निघायचं नाही, आण्णांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही तरी. म्हणून निधीशिवायचा प्रवेश आला तर त्याला 'नको'. हे पत्र यायच्या आधी ठरव. आल्यावर घरातल्या आनंदात तुला ठरवता येणार नाही.

आण्णांना हे कसं सांगायचं ते नीट ऐक. 'मला तुमचे पैसे नकोत' असं म्हणू नकोस, दुखावतील. बाप बाग विकायला निघतो तेव्हा त्याला पोरीला काहीतरी द्यायचं असतं, आणि ते द्यायला त्याच्याकडे तेवढंच असतं. त्यांच्याकडे मागायला तुझ्याजवळ दुसरं आहे. तालुक्यात कुणाची विहीर कधी आटली, कुणी किती फुटांवर बोअर मारलं, कुठल्या साली टँकर आले, हे त्यांच्याइतकं कुठल्या कार्यालयाला ठाऊक आहे? काम इंग्लंडमधून झालं काय, पुण्यातून झालं काय, त्या वीस विहिरी आण्णांच्या ओळखीशिवाय तुला मिळणार नाहीत.

आईच्या स्थळांबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. १५ मेपर्यंत थांब म्हणावं. एवढं ती ऐकेल. मित्राला मात्र फोन कर. त्याने मुलाखतीआधी काय तयारी केली होती ते विचार आणि लिहून घे.

येत्या शनिवारी घरी जा. एप्रिल आहे, खरड छाटणीची गडबड असेल, दिवसा आण्णा सापडायचे नाहीत. रात्री जेवणं झाली की कागद-पेन घेऊन बस आणि वरचा हिशेब त्यांच्यासमोर, त्यांनाच आकडे घालायला लावून कर. विहिरींची यादीही त्याच बैठकीत सुरू करा.

मेलचं उत्तर आलं की कळव. नाही आलं तरी १६ मेला कळव.

तुझी,
मावशी