प्रायमर गोल दिसतोय म्हणून प्रेशर ठीक आहे असं समजू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे गोंधळ नको. ३०८ विंचेस्टर (काडतुसाचा प्रकार) ची रायफल, बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे दर वेळी हाताने खटका मागेपुढे करून काडतूस भरायची, बॅरल २२ इंच, गोळी १६८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप), काडतुसं घरी भरलेली. काडतुसं भरायच्या मॅन्युअलमध्ये २४ इंची बॅरलला मॅक्सिमम लोडवर (लोड म्हणजे गोळी, पावडर, केस यांचा मेळ) २,७०० फूट प्रति सेकंद दिलंय, तुम्ही मॅक्सिममच्या किंचित वर गेलात आणि क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) २,७८० दाखवतोय. प्रायमरच्या (केसच्या बुडातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी) कडा गोल आहेत, बोल्ट सहज उघडतोय, मग अजून जरा पावडर वाढवू का असं विचारताय.

नका वाढवू. आत्ता आहात तिथूनच खाली या.

बघा, बॅरल एक इंच कमी झाली की ३०८ मध्ये साधारण २०-२५ फुटांचा वेग जातो, म्हणजे तुमच्या रायफलमधून खरं तर २,६५० च्या आसपास यायला हवं होतं, तुम्ही त्याच्या १३० वर आहात. हा वेग फुकट येत नाही. पावडर तीच, गोळी तीच, केस (काडतुसाची पितळी नळी) तीच, तर जास्तीचा वेग फक्त जास्तीच्या प्रेशरमधूनच येणार. आणि यात लोक फसतात ते इथे: पावडर वाढवत गेलं की वेग जवळपास सरळ रेषेत वाढतो पण प्रेशर त्याहून झपाट्याने चढतं, चार्ज (पावडरचं वजन) एक टक्का वाढवला तर प्रेशर ढोबळमानाने दोन टक्के किंवा त्याहून जास्त वर जातं. क्रोनोग्राफवर वाढ किरकोळ दिसते, चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती बॅरलची मागची जागा) ती किरकोळ नसते.

आता प्रायमरचं. ३०८ ची सामीने (अमेरिकेतली काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था) ठरवलेली कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (प्रेशरचं एकक) आहे. प्रायमर चपटा होणं, केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणारा भाग) चकचकीत ठसा, बोल्ट उचलताना जोर लागणं, या सगळ्या खुणा बऱ्याचदा ७०,००० च्या आसपास गेल्यावर कुठे दिसायला लागतात, कधी त्याहूनही उशिरा. प्रायमरच्या कपचा धातू कुणाचा मऊ कुणाचा कडक, केसचं पितळही तसंच, शिवाय फायरिंग पिनचं भोक मोठं असेल तर साध्या लोडलाही प्रायमरवर कंगोरा उठतो. म्हणजे खूण दिसली तर थांबायचं हे बरोबर, पण खूण नाही म्हणून सगळं सेफ हे साफ चूक. ४५-७० या जुन्या काडतुसाची सामी मर्यादा फक्त २८,००० आहे, ३०-३० ची ४२,०००, अशा काडतुसात प्रायमर चपटा व्हायची वाट बघत बसलं तर जुनी रायफल त्याआधीच हातात फुटेल, आणि हे मी भीती घालायला नाही सांगत, खरंच तसं आहे.

मर्यादा ठरवताना नुसतं काडतूस बघत नाहीत, ते कुठल्या कुठल्या रायफलमध्ये जाऊ शकतं हेही बघतात. ८×५७ माउझर हे काडतूस घ्या. युरोपात सीआयपी (तिकडची तशीच संस्था) त्याला ३,९०० बार देते, म्हणजे जवळपास ५६,५०० पीएसआय, आणि अमेरिकेत सामी फक्त ३५,०००. कारण १८८८ च्या जुन्या रायफली .३१८ इंचाच्या गोळीसाठी होत्या, नंतर गोळी .३२३ ची झाली, आणि ती जाड गोळी अरुंद बॅरलमध्ये गेली तर काय होईल याची धास्ती. त्यामुळे दुसऱ्याच्या रायफलमध्ये चालणारा लोड तुमच्यात चालेलच असं नाही.

तुमच्याकडे अजून दोन गोष्टी तपासायच्यात. केसेस मिलिटरी ब्रासच्या आहेत का? त्यांच्या भिंती बहुतेक वेळा जाड असतात, आतली जागा कमी, त्याच चार्जला प्रेशर जास्त. आणि गोळी रायफलिंगला (बॅरलच्या आतले पीळदार खाचे) टेकेल इतकी बाहेर बसवली आहे का, कारण तेव्हा तिला सुरुवातीची धाव मिळत नाही आणि प्रेशर एकदम उसळतं. उन्हात तापलेलं काडतूस किंवा तापलेल्या चेंबरमध्ये पडून राहिलेलं काडतूस हाही मुद्दा आहे, काही पावडरी उष्णतेला जास्तच दाद देतात.

आणि हे सगळं कशासाठी? वेग १३० फूट जास्त असून ३०० मीटरवर, रायफल १०० मीटरला झिरो केलेली (तिथे नेम बरोबर जुळवलेली) असताना, गोळी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर वर लागेल. स्कोपचा टरेट (नेम वर-खाली करायची चकती) दोन-चार क्लिक फिरवा की झालं. खरंच जास्त वेग हवा असेल तर मोठ्या केसची रायफल घ्या, ३०८ ला ३०० विन मॅग (मोठ्या केसचं, जास्त वेगाचं काडतूस) करायला जाऊ नका.

आता काय करायचं: आधी फॅक्टरी काडतुसं चालवून क्रोनोग्राफ बरोबर मोजतोय का ते बघा. भरलेली उरलेली काडतुसं झाडून संपवू नका, बुलेट पुलरने (केसमधून गोळी ओढून काढायचं अवजार) उघडा. नंतर मॅन्युअलच्या स्टार्टिंग लोडपासून परत वर या आणि तुमच्या बॅरलच्या लांबीला अपेक्षित वेग आला की तिथेच थांबा, मॅक्सिमम चार्ज अजून लांब असला तरी. वापरलेल्या केसेसमध्ये नवा प्रायमर बसवताना हाताला सैल लागला तर ती केस पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून परत भरली जाणार नाही.