गच्चीवर पाणी मारणं हा प्रबंधाचा विषय होतो का?

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी नागपूरला एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इमारतींमधली ऊर्जा. सर म्हणतात, दहा प्रकारच्या भिंती सॉफ्टवेअरमध्ये तपासून कोणती चांगली ते प्रबंधात मांड. आमचं घर अकोल्याला, चौथ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. उन्हाळ्यात आई रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारते. त्यानं खरंच किती फरक पडतो ते मला मोजायचंय. मैत्रिणी म्हणतात, हा काय एम.टेक.चा विषय झाला? उपकरणांसाठी पैसेही नाहीत. काय करू?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आईच्या पाण्याचाच विषय घे. तुला बरं वाटावं म्हणून मी हे सांगत नाही. भिंतींची तुलना करणारे प्रबंध परीक्षक म्हणून मी इतके वाचलेत, की शेवटचं प्रकरण उघडायच्या आधीच निष्कर्ष ठाऊक असतो : एएसी ब्लॉकची, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंटच्या ब्लॉकची भिंत साध्या विटेच्या भिंतीपेक्षा कमी उष्णता आत सोडते. हे खरं आहे, पण तू प्रबंध लिहिला नाहीस तरी ते खरंच राहणार आहे.

शिवाय तुमच्या घराचं दुखणं भिंतीत नाहीच. मे महिन्याच्या शेवटी अकोल्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पूर्व-पश्चिम भिंतींना अर्धा-अर्धा दिवस ऊन लागतं, दक्षिणेच्या भिंतीला फारसं नाही, स्लॅब मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तापतो. सहा इंची स्लॅबमधून ती उष्णता खाली यायला चार-पाच तास लागतात. म्हणजे वरची बाजू दुपारी दीड-दोनला सर्वांत गरम, तर घरातलं छत संध्याकाळी सहा-सातला. आई नेमकी त्याच सुमाराला बादली घेऊन वर जाते. तिनं आलेख काढलेला नाही, पण त्या छताखाली तिनं कितीतरी उन्हाळे स्वयंपाक केला आहे. २०१८ च्या इको निवास संहितेनं, म्हणजे घरांसाठीच्या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीनं, छतातून उष्णता किती यावी याची मर्यादा घातली आहे, ती आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या दर अंशाला, दर चौरस मीटरला १.२ वॅट. वर काहीच नसलेला सहा इंची स्लॅब त्याच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. आपल्याकडची हजारो घरं अशा स्लॅबखाली आधीच बांधून झाली आहेत. त्यांच्यासाठी नवी भिंत शोधून उपयोग नाही.

आता पाण्याचं गणित. एका लिटरची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता शोषली जाते. पंधरा लिटरची बादली पुरती वाफ झाली, तर हीटरमध्ये दहा युनिट वीज जाळून जेवढी उष्णता मिळेल तेवढी इथे निघून जाते. ऐकायला मोठं वाटतं. पण त्यातली स्लॅबमधून किती निघाली, वाऱ्यातून किती, आणि किती पाणी नुसतंच पन्हाळीतून वाहून गेलं? तुझं संशोधन इथे सुरू होतं. दुपारी चारला मारलं तर जास्त फायदा की सातला? एकदम दोन बादल्या, की अर्ध्या-अर्ध्या बादलीनं चार वेळा? आणि अकोल्यात मे महिन्यात नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस. म्हणून ‘तापमान इतके अंश उतरलं’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘इतक्या लिटरला इतके अंश’ असं उत्तर काढ. शेजारच्या एखाद्या घरावर चुन्याचा पांढरा हात दिलेला असेल तर तेही मोज, कारण चुन्याला रोज पाणी लागत नाही. मात्र धूळ बसून तो किती मळतो, पावसाळ्यानंतर त्यावर किती शेवाळ धरतं, हेही टिपून ठेव.

मैत्रिणींना एक उदाहरण दाखव. डॉ. माधवी इंद्रगंटी यांनी २००८ मध्ये हैदराबादच्या पाच अपार्टमेंट इमारतींतले ४५ फ्लॅट निवडले. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिथे जाऊन तापमान मोजलं आणि राहणाऱ्यांना कसं वाटतंय ते विचारलं. ३,९६२ नोंदी जमल्या. त्या लोकांना सुखाचं वाटणारं तापमान निघालं २९.२३ अंश. त्या वेळी राष्ट्रीय इमारत संहितेत उन्हाळ्यासाठी २३ ते २६ अंश लिहिलेले होते. घरात जाऊन विचारलं नसतं, तर हे अंतर कोणाला दिसलंच नसतं. पुढे २०१४ च्या सुमारास अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या चमूनं पाच शहरांतल्या कार्यालयांत सहा हजारांवर लोकांची मतं घेऊन भारतासाठी सूत्र बांधलं. बाहेरच्या तीस दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ नं गुणायचं आणि १२.८३ मिळवायचे, की खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतीतलं सुखाचं तापमान मिळतं. पण ज्या आकड्यांवर ते उभं आहे, त्यांत बाहेरची सरासरी ३१ अंशांवर थांबते. आपल्या विदर्भातला मे महिना त्याच्या बराच वर जातो. ही रिकामी जागा तुझ्यासाठीच आहे असं समज.

उपकरणांचं म्हणशील तर यादी छोटी ठेव. तापमान आणि आर्द्रता ठरावीक वेळानं आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रं, म्हणजे डेटा लॉगर, तीन-चार लागतील; विभागात नसले तर मेकॅनिकलच्या प्रयोगशाळेत माग, बहुतेक कपाटात पडून असतात. तापलेल्या छताची धग साध्या तापमापकाला कळत नाही. त्यासाठी टेबल टेनिसचा चेंडू घे, त्याला चकाकी नसलेला काळा रंग दे आणि आत सेन्सर बसव. एक संच तुमच्या घरात, दुसरा त्याच मजल्यावर त्याच दिशेच्या पण पाणी न मारणाऱ्या घरात, तिसरा दोन मजले खाली. एक आठवडा पाणी, एक आठवडा कोरडं, असं आलटून पालटून कर. नाहीतर वळवाचा पाऊस पडेल आणि त्याचं श्रेय तू बादलीला देशील.

आणि लॉगर टांगायची जागा स्वतः दिवसभर बसून बघ. माझ्या प्रबंधाच्या वेळी मी एक लॉगर खोलीच्या मधोमध, सगळ्या नियमांप्रमाणे टांगला होता. रोज पावणेपाचला तापमान तीन अंशांनी उडी मारायचं. मी त्यावर दोन पानांचं स्पष्टीकरण लिहिलं, भिंतीची उष्णता साठवायची क्षमता वगैरे. त्या घरातल्या काकूंनी एकदा सहज सांगितलं, ‘अगं, त्या वेळी झरोक्यातून कवडसा येतो ना तिथे.’ तेरा दिवसांच्या नोंदी मला टाकून द्याव्या लागल्या, आणि तोवर उन्हाळा सरला होता. पुढच्या वर्षी पुन्हा मोजलं. म्हणून सांगते, सुरुवातीला सगळे लॉगर एका डब्यात रात्रभर शेजारी ठेवून त्यांचं आपसांत किती जुळतं तेही पाहून घे.

प्रश्नावलीबद्दल माझा आग्रह आहे. किती गरम किंवा गार वाटतंय ते सांगायची सात पायऱ्यांची इंग्रजी मोजपट्टी मराठीत आणताना विद्यार्थी मधल्या पायरीला ‘तटस्थ’ लिहितात. दुपारी तीन वाजता कूलरपुढे बसलेल्या बाईला ‘आपण तटस्थ आहात का’ विचारलंस तर ती काय सांगणार? ‘बरं वाटतंय’ लिही. ‘उकडतंय’ आणि ‘झळा लागतात’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत घाम वाळत नाही, दुसरीत हवाच भाजते. एप्रिलमधला अकोला आणि जुलैमधला अकोला यांतला फरक या दोन शब्दांत मावतो. ‘गरमी होऊन रायली’ असं कोणी म्हटलं तर तसंच उतरवून घे. प्रमाण मराठी करायची गरज नाही.

राहिले सर. त्यांना सॉफ्टवेअरचं काम हवंय ते चूक नाही, फक्त क्रम बदल. आधी घर मोज, मग तेच घर एनर्जीप्लस या इमारतींच्या ऊर्जेच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं कर आणि मोजलेल्या तापमानाशी ताडून बघ. हवामानाच्या तयार फायलीत अनेक वर्षांतून निवडलेलं ‘सर्वसाधारण’ वर्ष असतं, यंदाची उष्णतेची लाट त्यात नसते, तेव्हा या वर्षाच्या नोंदी घाल. मॉडेलचा वीजवापर खऱ्या बिलाशी किती जुळावा यासाठी ठरलेल्या टक्केवारीच्या मर्यादा तापमानाला लावून पास झालो म्हणू नकोस. किती अंशांची चूक आहे आणि ती दिवसाच्या कोणत्या वेळी, हे सरळ लिही. मॉडेल जुळलं की त्यात हव्या तेवढ्या भिंती आणि छतं बदल. सरांच्या दहा भिंतीही त्यात येतील.

प्रश्न : मुलगा सिव्हिल इंजिनिअर झाला. आता अमेरिकेत ‘आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग’मध्ये एम.एस. करायचं म्हणतो. हे आर्किटेक्चर की इंजिनिअरिंग? पुढे काम काय मिळतं?
– एक पालक, सांगली

उत्तर : इंजिनिअरिंग. इमारतीचा आराखडा वास्तुविशारद करतो. ती उभी कशी राहील, आत हवा, प्रकाश, वीज कशी पोचेल आणि बांधकाम कसं पार पडेल, हे या शाखेत शिकवतात. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात हा अभ्यासक्रम १९१० पासून आहे आणि त्यात रचना, यांत्रिकी, प्रकाश व वीज, बांधकाम असे चार रस्ते फुटतात. आपल्याकडे हेच काम सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाले वाटून घेतात. मुलगा सिव्हिलचा असल्यानं उष्णतेचं वहन आणि द्रवगतिशास्त्र हे विषय कच्चे असतील. जाण्याआधीच्या सहा महिन्यांत ते पक्के करायला सांगा. आणि विद्यापीठाच्या नावापेक्षा तिथल्या कोणत्या प्राध्यापकाची प्रयोगशाळा काय मोजते हे बघून अर्ज करू द्या. संशोधन सहायकाचं काम मिळालं तर खर्चाचा भारही हलका होतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी कॉलेजची मुलं आली. घराघरांत यंत्रं टांगली, बायकांना रोज प्रश्न विचारले. आम्ही चहापाणी केलं. नंतर कोणी फिरकलं नाही. आता पुन्हा दुसऱ्या कॉलेजचं पत्र आलंय. परवानगी द्यावी का?
– सोसायटीचे एक सचिव, ठाणे

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, आणि या क्षेत्रातली एक म्हणून मला त्याची लाज वाटते. तरीही परवानगी द्या, पण अटी लेखी घाला. कोणत्या खोलीत काय मोजणार, नोंदींसोबत घर क्रमांक छापणार की नाही, यंत्रं कधी काढणार. आणि मुख्य अट : काम संपल्यावर प्रत्येक घराला मराठीत एक पान. त्यात त्या घरातलं सर्वांत जास्त तापमान, ते कोणत्या वेळी आलं, आणि कोणती खिडकी कधी उघडावी किंवा कुठे छज्जा वाढवावा, एवढं असावं. हे पान तयार करायला विद्यार्थ्याला एखादा दिवस लागतो. आधीच्या कॉलेजलाही पत्र पाठवून प्रबंधाची प्रत मागा. ती त्यांच्या ग्रंथालयात असतेच. नव्या मुलांना ती द्या, म्हणजे तेच प्रश्न त्याच बायकांना पुन्हा विचारले जाणार नाहीत, आणि दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी यंदाचे आकडे ताडून बघता येतील.