वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयाच्या वर्गात कोणाला जागा?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील काही लिबरल आर्ट्स महाविद्यालयांची माहितीपत्रके वाचत आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रकात नागरी सहभाग आणि शिक्षणाची संधी यांवर एक स्वतंत्र पान असते. हे खरे काम आहे की प्रवेशासाठी केलेली जाहिरात, हे आमच्यासारख्या पालकांनी कसे ओळखावे? — एक पालक

उत्तर : नुसत्या पत्रकावरून ते ओळखता येत नाही. लिबरल आर्ट्स महाविद्यालय हे साधारणपणे हजार ते तीन हजार विद्यार्थ्यांचे, बहुतांशी निवासी आणि मुख्यतः पदवीपर्यंतचे शिक्षण देणारे असते. एखाद्या व्यवसायाच्या प्रशिक्षणापेक्षा साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, विज्ञान आणि कला यांच्या व्यापक अभ्यासावर तेथे भर असतो. वर्ग लहान, अध्यापक जवळचे आणि शुल्क भरमसाट, अशी ही रचना असल्यामुळे आजूबाजूच्या समाजाशी आपले नाते काय, या प्रश्नाला उत्तर देणे या संस्थांना भागच असते. १९८५ मध्ये ब्राउन, जॉर्जटाउन आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या अध्यक्षांनी पुढाकार घेऊन ‘कॅम्पस कॉम्पॅक्ट’ ही संघटना स्थापन केली. त्यानंतरच्या काळात समाजकार्यासाठी स्वतंत्र केंद्र, त्याचा संचालक आणि सेवेला अभ्यासक्रमाशी जोडणारे वर्ग या गोष्टी लहान महाविद्यालयांतही रुळल्या.

पत्रकातील काही उपक्रम तर कायद्यानेच करावे लागतात, हेही ध्यानात ठेवावे. विद्यार्थ्यांना अर्धवेळ कामाचे वेतन देण्यासाठी केंद्र सरकार महाविद्यालयांना जो निधी देते, त्यातील किमान ७ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी लागते, आणि मुलांना वाचन शिकवण्याचा किंवा कुटुंबातील साक्षरतेचा एखादा उपक्रम त्यात असावा लागतो. तेव्हा ‘आमचे विद्यार्थी शेजारच्या शाळेत शिकवतात’ एवढ्या वाक्याने फारसे काही सिद्ध होत नाही. त्या शाळेच्या बाजूने पाहिले, तर अशा मदतीची अडचणही कळते. महाविद्यालयाचे सत्र चौदा-पंधरा आठवड्यांचे असते. स्वयंसेवक सप्टेंबरात येतो, मुलांची नावे त्याला पाठ होईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो आणि डिसेंबरात तो परीक्षेसाठी निघून जातो. जानेवारीत नवा चेहरा येतो आणि त्याला सगळे पुन्हा समजावून सांगण्याचे काम वर्गशिक्षिकेवर पडते. म्हणून मी नेहमी असे विचारायला सांगते, की हा उपक्रम एकाच शाळेत किती वर्षे चालू आहे, त्यासाठी पगारी आणि कायमचा माणूस आहे का, आणि काय करायचे हे ठरवताना शाळेचे मत कोणी घेतले होते का.

माझी खरी कसोटी मात्र याहून कडक आहे. महाविद्यालय आपल्या विद्यार्थ्यांना जे सर्वांत मौल्यवान देते, म्हणजे आपले अध्यापक, आपले श्रेयांक (क्रेडिट्स) आणि आपली पदवी, ते ज्यांना एरवी तेथे पोहोचता आले नसते अशांना देते का? केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालय या कसोटीला फार जुन्या काळापासून उतरत आले आहे. गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक जॉन फी यांनी १८५५ मध्ये त्याची सुरुवात केली. यादवी युद्धानंतर तेथे कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय, मुलगे आणि मुली एकत्र शिकत असत. ही गोष्ट सहन न होऊन राज्याने १९०४ मध्ये कायदा करून कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीयांचे एकत्र शिक्षण बंद पाडले. महाविद्यालय सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९०८ मध्ये हरले. त्या बंदीच्या एकच वर्ष आधी, १९०३ मध्ये, कार्टर वुडसन तेथून पदवी घेऊन बाहेर पडले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासाचा पाया पुढे त्यांनी घातला. १९५० मध्ये कायदा शिथिल होताच महाविद्यालयाने कृष्णवर्णीयांसाठी दारे पुन्हा उघडली. १८९२ पासून बेरिया शिक्षणशुल्क घेत नाही. प्रवेश प्रामुख्याने अ‍ॅपलाचिया या डोंगराळ आणि गरीब भागातील मुलांना मिळतो आणि प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास महाविद्यालयातच काम करतो. कोणी हातमागावर विणते, कोणी झाडू बांधते, कोणी कार्यालय सांभाळते. सर्वांनाच काम असल्यामुळे काम करून शिकणारा विद्यार्थी तेथे वेगळा ओळखू येत नाही, आणि ही गोष्ट मला शुल्कमाफीइतकीच मोलाची वाटते.

प्रश्न : न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालय तुरुंगातील कैद्यांना पदवी देते, असे वाचनात आले. प्रामाणिकपणे राहणाऱ्या कुटुंबांना मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागत असताना गुन्हेगारांना हे शिक्षण फुकट द्यावे, हे न्याय्य आहे का? — एक वाचक

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि अमेरिकेतही ती अगदी याच शब्दांत विचारली गेली आहे. १९९४ च्या गुन्हेगारीविषयक कायद्याने कैद्यांना पेल अनुदान, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारे आणि परत न करावे लागणारे साहाय्य, बंद केले. त्याबरोबर तुरुंगांतील महाविद्यालयीन वर्ग एकामागून एक बंद पडत गेले. न्यूयॉर्कचे तत्कालीन राज्यपाल अँड्र्यू कुओमो यांनी २०१४ मध्ये अशा वर्गांसाठी राज्याचा पैसा देण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आपल्यासारख्याच प्रश्नांचा असा भडिमार झाला, की त्यांना तो मागे घ्यावा लागला.

बार्डचा कार्यक्रम या बंदीच्या काळातच उभा राहिला. मॅक्स केनर हे बार्डमध्ये शिकत असतानाच त्यांनी १९९९ च्या सुमारास त्याची जुळवाजुळव केली आणि २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ईस्टर्न कारागृहात पहिला वर्ग भरला. मागेल त्याला येथे प्रवेश मिळत नाही. लेखी निबंध आणि मुलाखत यांतून निवड होते आणि जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त येतात. वर्गात महाविद्यालयाचे अध्यापक येतात, वाचायला तीच पुस्तके असतात, आणि पदवीसाठी बार्डच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जो वर्षभराचा स्वतंत्र प्रबंध लिहावा लागतो तो येथेही लिहावाच लागतो. फरक एवढाच, की कारागृहात खुले इंटरनेट नसते. एखाद्या लेखाची गरज पडली, तर विद्यार्थी मागणी नोंदवतो, महाविद्यालयातील कोणीतरी तो शोधून छापते आणि तो हाती येईपर्यंत दिवस जातात. कोणते संदर्भ लागतील याचा विचार त्याला लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. मुक्त विद्यार्थ्यांनाही ही शिस्त क्वचितच लागते.

२०१५ मध्ये ईस्टर्न कारागृहाच्या वादविवाद संघाने हार्वर्डच्या संघाला हरवले आणि ती बातमी जगभर गेली. बातम्यांत एक तपशील मागे राहिला. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश नाकारण्याची मुभा सरकारी शाळांना असावी, ही बाजू कैद्यांच्या वाट्याला आली होती आणि ती त्यांना स्वतःला मान्य नव्हती. न पटणारी बाजू आतून समजून घेऊन प्रामाणिकपणे मांडणे, हे नागरिकाला लागणारे कौशल्य त्यांनी वर्गात बसूनच मिळवले होते.

आता न्यायाविषयी. अमेरिकेतील बहुसंख्य कैदी केव्हा ना केव्हा सुटून आपल्याच वस्तीत परत जातात. तुरुंगातील शिक्षणाविषयीच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून रँड या संशोधनसंस्थेने २०१३ मध्ये असे मांडले, की शिक्षण घेतलेले कैदी पुन्हा तुरुंगात येण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी असते. मुळात शिकू इच्छिणारेच असे वर्ग निवडतात, ही मर्यादा या आकड्याला आहे आणि ती लपवू नये. तरीही केंद्र सरकारचे मत बदलले. २०१५ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर, २०२० च्या अखेरीस कायद्याने आणि १ जुलै २०२३ पासून प्रत्यक्षात पेल अनुदान कैद्यांसाठी पुन्हा खुले झाले. पेल अनुदान गरजेनुसार मिळते. कैद्याला ते मिळाल्यामुळे बाहेरच्या पात्र मुलाचा हक्क कमी होत नाही. प्रामाणिक कुटुंबांवरील कर्जाचा भार खरा आहे आणि तो उतरायलाच हवा, पण कैद्याच्या हातचे पुस्तक काढून घेतल्याने तो उतरणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : गरीब घरातील हुशार मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती दिली, की महाविद्यालयाचे काम झाले, असे म्हणता येईल का? — एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : आपण इतकी वर्षे वर्गात घालवली आहेत, त्यामुळे उत्तर आपल्याला ठाऊकच असेल. पैसा ही पहिली अडचण आहे, शेवटची नाही. अनोळखी वातावरणात एकटे पडल्यामुळे मुले शिक्षण सोडतात, हे ओळखून १९८९ मध्ये डेबोरा बायल यांनी ‘पॉसी’ ही संस्था सुरू केली. एकाच शहरातील साधारण दहा मुलांची निवड करून, त्यांना काही महिने एकत्र तयार करून, एकाच महाविद्यालयात एकत्रच पाठवायचे, ही तिची पद्धत. भागीदार महाविद्यालय या मुलांचे शिक्षणशुल्क माफ करते.

दुसरा मार्ग म्हणजे महाविद्यालयानेच पुढे होऊन शाळेत जाणे. बार्ड आणि न्यूयॉर्क शहर यांनी २००१ मध्ये एक सरकारी माध्यमिक शाळा सुरू केली. तेथील मुले पहिल्या दोन वर्षांत शालेय अभ्यास संपवतात, पुढची दोन वर्षे महाविद्यालयाचा अभ्यास करतात, आणि चार वर्षांनी शालेय प्रमाणपत्राबरोबर दोन वर्षांची सहयोगी पदवीही घेऊन बाहेर पडतात. तीही शुल्क न देता. सोळा वर्षांच्या मुलाला गंभीरपणे घेतले, तर तो गंभीरपणे शिकतो, या विश्वासावर ती शाळा चालते. मला हा विश्वास शिष्यवृत्तीपेक्षा दुर्मीळ वाटतो.

आणि शाळेचे वय उलटून गेलेल्यांचे काय? अर्ल शोरिस या लेखकाने १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात गरीब प्रौढांसाठी तत्त्वज्ञान, साहित्य, कलेचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास आणि लेखन यांचा एक वर्ग सुरू केला, आणि पुढे बार्डने त्याला आपले श्रेयांक दिले. पुस्तके मोफत, येण्याजाण्याचे भाडे मोफत आणि वर्ग चालू असताना मुले सांभाळण्याची सोय. गरिबांना आधी नोकरीचे प्रशिक्षण द्यावे, सॉक्रेटिस नंतर पाहू, असे म्हणणाऱ्यांना हा वर्ग पटला नाही. पण आपल्या जगण्यावर परिणाम करणारे निर्णय कोण आणि कसे घेते, हे समजून त्यात बोलण्याचे बळ अशाच अभ्यासातून येते, आणि ते श्रीमंतांच्या मुलांसाठी राखून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. त्याच विचाराने २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील होलिओक येथे कमी वयात आई झालेल्या मुलींसाठी, आणि २०१८ मध्ये ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयात, बार्डची छोटी महाविद्यालये सुरू झाली.

प्रश्न : मी पुढील वर्षी अमेरिकेत शिकायला जाणार आहे. तेथील विद्यार्थी मतदार नोंदणीच्या मोहिमा चालवतात, असे ऐकले. परदेशी विद्यार्थ्याने त्यात भाग घ्यावा का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : या मोहिमांना कायद्याचा आधार आहे. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ झाले आणि विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या गावात मत देता आले पाहिजे, ही गोष्ट न्यायालयांनी नंतर उचलून धरली. तरीही मतदान केंद्र वसतिगृहापासून दूर ठेवले, तर हक्क कागदावरच राहतो. बार्डच्या विद्यार्थ्यांना आवारातील केंद्रासाठी न्यायालयात जावे लागले आणि २०२० मध्ये ते मिळाले. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ३०० किंवा अधिक नोंदणीकृत मतदार असलेल्या आवारांत केंद्र देण्याचा कायदाच केला.

आपण या विषयावरच्या चर्चांना जरूर जावे, शिकवणीचे किंवा ग्रंथालयातील स्वयंसेवी कामही अवश्य करावे. परंतु मतदार नोंदणीचा अर्ज स्वतःच्या नावाने कधीही भरू नये. त्या अर्जावर आपण अमेरिकेचे नागरिक आहोत असे सहीनिशी लिहून द्यावे लागते, आणि तसे खोटे विधान, ते गर्दीत कोणी पुढे केलेल्या कागदावर नकळत झाले तरी, व्हिसा आणि पुढील वास्तव्य दोन्ही धोक्यात आणू शकते. सरकारी निधीतून वेतन मिळणाऱ्या समाजोपयोगी नोकऱ्याही परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या नसतात. कोणतेही पगारी काम स्वीकारण्यापूर्वी महाविद्यालयातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन परवानगीची खात्री करून घ्यावी.