साप जेवत नाही, साप वर बघतो, साप पाण्यात बसतो: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहिलं होतं की घरात साप असेल तर लिहा. वाटलं दोन-तीन मेल येतील. एवढे आले की संपादकांनी विचारलं, मराठी माणसं नक्की काय काय पाळतात हो? सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सहा निवडलेत.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. न्यू जर्सीत एका एक्झॉटिक प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे साप धरायचा, वजन करायचं, डॉक्टर सांगतील ती इंजेक्शनं द्यायची आणि मालकांचं ऐकून घ्यायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात मोठं. साप रुसलाय, साप डिप्रेशनमध्ये आहे, सापाला आमची नवीन सून आवडली नाही (हे खरंच ऐकलंय), सगळं ऐकून झालं की मी एकच विचारते, टँकमधलं, म्हणजे सापाच्या काचेच्या घरातलं, तापमान किती आहे? आणि दहापैकी सात जण म्हणतात, तसं गरमच असतं.

एडिसनहून एक आई लिहितात: मुलाचा बॉल पायथन आहे, नर, अडीच वर्षांचा. दिवाळीपासून काही खात नाहीये, आता फेब्रुवारी आला. दर दोन दिवसांनी उंदीर दाखवतो, तो तोंड फिरवतो. दिवाळीत वजन १०४० ग्रॅम होतं, आता १०१०. सासूबाई म्हणतात उपास धरलाय त्याने. मुलगा रोज शाळेतून आल्यावर त्याला अर्धा तास हातात घेऊन बसतो, रडायला येतं त्याला.

सासूबाई बरोबर आहेत. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप, आणि उपास करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. हिवाळ्याच्या महिन्यांत वयात आलेले नर मादी शोधायच्या मूडमध्ये असतात, तेव्हा जेवण हा विषयच त्यांच्या डोक्यात नसतो, मग समोर मादी असो नसो. तीन-चार महिने काही न खाणं त्याच्यासाठी नवीन नाही, सहा महिने न खाल्लेले आणि तरी टुणटुणीत असे मी पाहिलेत. तुम्ही वजन लिहून ठेवलंत हे फार छान केलंत. ३० ग्रॅम म्हणजे जेमतेम तीन टक्के. दहा टक्क्यांच्या वर गेलं, किंवा पाठीचा कणा धारेसारखा वर दिसायला लागला, तर क्लिनिक गाठा. तोपर्यंत पंधरा दिवसांनी एकदा, किचनच्या काट्यावर, झाकणाच्या डब्यात घालून वजन. (पोळ्यांचा डबा नको. आमच्याकडे एका घरात यावरून आठवडाभर अबोला होता.)

पण उपासच आहे असं म्हणून सोडून द्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. पहिली, थर्मामीटर. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर दिसतोय, तो वरच्या काचेचं तापमान सांगतो, साप खाली बसतो. प्रोब असलेला डिजिटल घ्या आणि प्रोब गरम बाजूच्या लपायच्या जागेत ठेवा, तिथे ८८ ते ९० फॅरनहाइट पाहिजे, म्हणजे ३१-३२ सेल्सिअस, आणि थंड बाजूला ७७-७८. ऊब कमी असली तर त्याला पचणार नाही, आणि न पचणारं तो खाणारच नाही.

दुसरी गोष्ट, उंदीर. फ्रीजरमधला उंदीर नुसता वितळवून देत असाल तर त्याच्या दृष्टीने ती वस्तू आहे, जेवण नाही. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, तो बघून कमी आणि ऊब जाणवून जास्त झडप घालतो. म्हणून आधी फ्रीजमध्ये रात्रभर वितळवायचा, मग पिशवीत घालून कोमट-गरम पाण्यात ठेवायचा, आणि द्यायच्या आधी डोकं परत एकदा गरम करायचं. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, कारण मी एकदाच हे सांगायला विसरले आणि त्या घरच्यांनी मग मायक्रोवेव्हच फेकून दिला. जिवंत उंदीरही नको, न खाणाऱ्या सापाबरोबर उंदीर सोडला तर उंदीरच सापाला कुरतडतो.

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. दर दोन दिवसांनी दाखवणं बंद, बारा-चौदा दिवसांनी एकदा, संध्याकाळी अंधार पडल्यावर, वीस मिनिटं ठेवायचा, नाही घेतला तर उचलायचा. आणि मुलाला सांगा दोन आठवडे हात लावायचा नाही. तो प्रेमानेच घेतो, पण सापाला ते पकडणंच वाटतं. दोन घट्ट लपायच्या जागा द्या, एक गरम बाजूला, एक थंड, आत गेल्यावर अंग भिंतीला टेकलं पाहिजे एवढ्या लहान.

डॅलसहून: कॉर्न स्नेकने कात टाकली पण तुकड्या-तुकड्यांत, आणि एका डोळ्यावर काहीतरी धुरकट राहिलंय. चिमट्याने काढू का?

नाही!! सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि कात टाकताना तोही कातेबरोबर जातो. नीट निघालेली कात हातात घेऊन डोक्याचा भाग उजेडात धरा, डोळ्यांच्या जागी कॉन्टॅक्ट लेन्ससारख्या दोन टोप्या दिसतात. एकच दिसली तर दुसरी सापाच्या डोळ्यावर आहे. चिमटा लावलात आणि खालचा नवीन खवला निघाला तर डोळा गेला. त्यापेक्षा झाकणाच्या डब्याला भोक पाडा, आत ओलं मॉस घाला, पिळून, निथळणारं नको, आणि तो डबा उबदार बाजूला ठेवा. तिकडे हीटिंग चालू असलं की हवा कोरडी ठक्क होते, सगळा घोळ तिथेच आहे. पुढच्या कातेबरोबर बहुतेक वेळा निघून जातं. दुसऱ्यांदाही राहिलं, किंवा डोळा फुगला, तर डॉक्टर.

लेस्टरहून एक काका लिहितात: माझा बोआ आठवडाभर डोकं वर करून छताकडे बघत बसतो. नेटवर वाचलं की याला स्टारगेझिंग म्हणतात आणि हा असाध्य आजार आहे. तोंड थोडं उघडं ठेवतो, काल नाकापाशी बुडबुडा दिसला. साप लॉफ्टमध्ये आहे, रात्री हीटिंग बंद करतो, बिल परवडत नाही. मुलाच्या खोकल्याचं अमॉक्सिसिलिन उरलंय ते द्यावं का?

काका, नेटने तुम्हाला घाबरवलंय खरं, पण तुमच्या मेलमधला बुडबुडा मला जास्त काळजीचा वाटतो. डोकं वर धरण्याची दोन कारणं अगदी वेगळी असतात. तुम्ही वाचलंत तो इन्क्लूजन बॉडी डिसीज, बोआंमध्ये आढळणारा, २०१२ मध्ये त्याच्यामागे अरेनाव्हायरस असल्याचं कळलं, आणि त्याला औषध नाही हे खरं आहे. त्यात मेंदूचा त्रास असतो, साप वर बघता बघता मागे उलटा पडतो, पिळा घेतो, गिळलेलं उलटून टाकतो, काहींना उताणं केलं तर सरळ होता येत नाही. निरोगी सापाला हळूच उताणं करा, तो लगेच सरळ होतो.

तुमचा साप मात्र तोंड उघडं ठेवतोय आणि नाकाशी बुडबुडा आहे, म्हणजे बहुधा श्वास घ्यायला त्रास होतोय, आणि डोकं वर धरलं की तो थोडा सोपा जातो म्हणून धरतोय. यात एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे त्याला खोकता येत नाही. आपण खाकरून कफ काढतो, त्याच्या छातीतला चिकटा तिथेच साठत राहतो. म्हणून आपल्याकडे दोन दिवसांत बरी होणारी सर्दी त्याच्याकडे न्यूमोनिया होते. रात्री शांतता असताना कान जवळ नेऊन ऐका, टक-टक किंवा ओली घरघर येतीये का.

मार्चमधल्या लेस्टरचा लॉफ्ट, हीटिंग बंद, म्हणजे रात्री १५-१६ सेल्सिअस धरू. सापाचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, थंडीत त्याची प्रतिकारशक्तीच मंदावते. आख्खा लॉफ्ट गरम करायची गरज नाही, टँकमध्ये थर्मोस्टॅट लावलेला सिरॅमिक हीटर बसवा, तो उजेड न देता ऊब देतो, बिलही मग हीटिंगच्या मानाने फार येत नाही. पण थर्मोस्टॅटशिवाय काहीही लावू नका, माझ्याच पहिल्या सापाचं पोट मी हीट मॅटवर भाजलंय. थर्मोस्टॅटचे पैसे वाचवले आणि तीन महिने ड्रेसिंग करत बसले, त्याने जागा सोडली नाही कारण पोटाकडून लागणारी उष्णता त्यांना वेळेवर कळत नाही की काय कोण जाणे, पण असे भाजलेले साप क्लिनिकमध्ये नेहमी येतात.

अमॉक्सिसिलिन नको. डॉक्टर स्वॅब घेतील, जंतू कोणता ते बघून इंजेक्शन ठरवतील, काही औषधं सापाला तीन-तीन दिवसांनी एकदा देतात कारण त्याच्या शरीरातून ती इतक्या हळू जातात. आपला डोस त्याच्या किडनीला झेपेल की नाही हे घरी बसून ठरवता येत नाही. याच आठवड्यात जा.

पुण्याहून, कोथरूडचा एक मुलगा: बॉल पायथन सतत पाण्याच्या भांड्यात बसतोय. मित्र म्हणतो उकडतंय त्याला. पाण्यात काळे ठिपके दिसतात, मिरपूड पडल्यासारखे. डासांचा स्प्रे मारू का? की गाई-म्हशींना देतात ते आयव्हरमेक्टिन? टँकशेजारी रेड-इअर्ड स्लायडर कासव पण आहे.

मिरपूड हालते का बघ. हालली तर माइट्स, सापाच्या पिसवा म्हण हवं तर. खवल्यांखाली आणि डोळ्यांच्या कडेला बसून रक्त पितात, साप बिचारा त्यांना बुडवायला पाण्यात बसतो. पांढरा पेपर टॉवेल हातात ओला करून सापावरून फिरव, काळे-लालसर ठिपके आले की शंका संपली.

डासांचा स्प्रे विसर. त्यातल्या पायरेथ्रॉइडने सापाला झटके येऊ शकतात, नंतर तू मला साप वेडावाकडा हलतोय म्हणून मेल करशील. आयव्हरमेक्टिन डॉक्टर सापाला मोजून देतात, पण कासवासाठी ते विष आहे, आणि तुझं कासव शेजारीच, त्यामुळे ते घरात आणूच नकोस. एक्झॉटिक बघणारा डॉक्टर पुण्यात मिळेल. तुझ्या हातातलं काम कंटाळवाणं आहे: टँकमधलं सगळं लाकूड, भुसा, साल बाहेर, खाली नुसता पेपर टॉवेल, रोज बदलायचा, भांडी कढत पाण्याने धुवायची, आणि हे किमान महिनाभर, कारण अंडी सापावर नाही, टँकच्या फटीत असतात. सगळं साफ केलं म्हणून दहाव्या दिवशी थांबलास की अंडी फुटून पहिल्यापासून सुरू. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या टँकमध्ये टाकायचा सल्ला कोणी देईल, तोही नको.

आणि अरे, बॉल पायथन हा साइट्सच्या (वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला साप आहे, २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. केली नसशील तर बघून घे.

नाव न देता एक ताई: माझा साप रात्री माझ्या शेजारी सरळ लांब होऊन झोपतो. मैत्रीण म्हणाली तो तुला गिळायच्या आधी मोजतोय.

साप मोजत नाही हो. समोर आलेलं तोंडात मावतंय का एवढं त्याला पुरतं, ते तो तोंड लावून बघतो, टेपने नाही. तुमच्या अंगाची ऊब हवी म्हणून आलाय. पण त्याला पलंगावर झोपवू नका, तुम्ही कूस बदललीत तर त्याचीच बरगडी मोडेल, आणि सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, उशीवर नको. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर अजूनच जपा, धरल्यावर साबणाने हात.

साताऱ्याजवळच्या एका गावातून: गोठ्यात धामण सापडली, पाच फूट असेल. म्हशीचं दूध पिते म्हणतात म्हणून मारणार होते, मी वाचवली, पंधरा दिवस निळ्या ड्रममध्ये ठेवलीय, दूध देतोय, पीत नाही. नाकाचं टोक सोललंय आणि तोंडाच्या कडेला पनीरसारखं पांढरं दिसतंय.

मारू दिली नाहीत त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. पण आता तिला सोडवायची वेळ आलीय, तुमच्यापासून. आपल्याकडचा कोणताही रानातला साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, हेतू चांगला असला तरी. आणि धामण म्हशीचं दूध पित नाही, तिच्या तोंडाने ते ओढताच येणार नाही, ती गोठ्यात उंदरासाठी येते. नागपंचमीला साप दूध पितात असं वाटतं कारण गारुड्याने त्यांना आधी तहानलेलं ठेवलेलं असतं, ते त्यांना पचत नाही.

धामण चपळ, ड्रममध्ये ती दिवसभर वाट शोधत नाक घासत राहते, तिथे जखम होते, जंतू शिरतात, आणि सापाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, घट्ट पनीरसारखाच असतो. तुम्ही बरोबर ओळखलंत, फक्त ते पनीर नाही. हे घरी बरं होत नाही, आणि अशी आजारी तशीच शेतात सोडली तर जगणार नाही. वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा, पंधरा दिवस ठेवली हेही खरं सांगा, नोंदणी असलेला सर्पमित्र येऊन घेऊन जाईल. तोपर्यंत ड्रम सावलीत, आत गोणपाट टाका म्हणजे तिला लपता येईल, आणि दुधाचं भांडं काढून पाण्याचं ठेवा, उथळ.